लिस्टिंगपासून साइट व्हिजिटपर्यंत: घर ऑनलाइन कसं मांडावं आणि आलेली चौकशी कशी सांभाळावी

पूर्वी घर विकायला काढलं की वर्तमानपत्रात चार ओळींची छोटी जाहिरात द्यायची पद्धत होती. दर ओळीला पैसे पडत, म्हणून जाहिरातीत सांगायचं कमी आणि फोन करायला लावायचं. बाकीचा तपशील दलालाच्या वहीत असायचा. ती वही आता सगळ्यांसमोर उघडी आहे. ब्रिटनमध्ये घरांच्या जाहिरातींचं राइटमूव्ह हे संकेतस्थळ २००० साली सुरू झालं, अमेरिकेत झिलोचं तसंच संकेतस्थळ २००६ साली आलं. तेव्हापासून घर शोधणाऱ्याची सवयच पालटली आहे. तो आधी मोबाइलवर वीसेक घरं बघतो, त्यातली बहुतेक आपल्या मनानं बाद करतो, आणि उरलेल्या दोन-तीन घरांसाठीच कुणाला तरी मेसेज टाकतो. म्हणजे घराची पहिली भेट आपण तिथे नसतानाच उरकलेली असते.

घरं ऑनलाइन मांडण्याचं हे काम मी बरीच वर्षं करते आहे. घर स्वतः विकणारा मालक असो की नवा एजंट, दोघांनाही मी एकच क्रम सांगते.

१. लिहायला बसण्याआधी घरात जा

मोजपट्टी, वही आणि मोबाइल घेऊन जा. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी स्वतः मोजा. मालकानं सांगितलेलं क्षेत्रफळ भिंतींच्या आतलं आहे की भिंती, बाल्कनी आणि जिना धरून आहे, हे तिथेच विचारून घ्या. खिडक्यांची दिशा, पाण्याची वेळ, लिफ्ट, पार्किंगची जागा आखून दिलेली आहे की मिळेल तिथे गाडी लावायची, दरमहा देखभाल खर्च किती, घरावर कर्ज आहे का, ताबा कधी मिळेल, हे सगळं लिहून घ्या.

हे मी अनुभवानं शिकले. सुरुवातीच्या काळात चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटच्या लिस्टिंगमध्ये, म्हणजे संकेतस्थळावरच्या जाहिरातीत, लिफ्ट नाही, हे लिहायचं माझ्याकडून राहून गेलं. एक वयस्कर जोडपं घर बघायला आलं. बाईंचे गुडघे दुखत होते. दुसऱ्या मजल्यावर त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि तिथूनच परत फिरल्या. रागावून त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांची ती खेप माझ्यामुळे वाया गेली होती. त्या दिवसापासून घरातली अडचण मी पहिल्या पाच ओळींतच लिहिते.

२. एकही रकाना रिकामा ठेवू नका

लोकांचं सगळ्यात कमी लक्ष जातं ते इथे, आणि नुकसान सगळ्यात जास्त होतं तेही इथेच. सुरेख वर्णन लिहितात आणि लिस्टिंगच्या फॉर्ममधले पार्किंग, मजला, बाथरूमची संख्या, इमारतीचं वय हे रकाने तसेच सोडून देतात. पण शोधणारा माणूस वर्णनापर्यंत पोहोचतो तो फिल्टर लावून. त्यानं ‘पार्किंग हवं’ यावर टिचकी मारली आणि तुमचा तो रकाना रिकामा असला, तर पार्किंग असूनही तुमचं घर त्याला दिसणार नाही. असं घर चुकून हुकलेलं असतं आणि त्याचा कुणाला पत्ताही लागत नाही.

किमतीचंही तसंच. शोधणारे बजेट गोल आकड्यांत टाकतात. तुमची अपेक्षा अशा एखाद्या आकड्याच्या जरा वर असेल, तर तिथपर्यंतच बजेट लावलेल्या सगळ्यांच्या यादीतून तुम्ही बाहेर पडता. थोडं खाली येणं परवडत असेल तर नेमकं त्या आकड्यावर या. त्यानं वरच्या आणि खालच्या दोन्ही गटांना घर दिसतं.

अनेक पोर्टलांवर, म्हणजे घरांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळांवर, शोध जतन करून ठेवता येतो आणि त्याला जुळणारं नवं घर आलं की सूचना जाते. आधीपासून शोधात असलेल्या लोकांपर्यंत तुमची लिस्टिंग पहिल्याच दिवशी पोहोचते ती अशी. म्हणून अर्धवट लिस्टिंग टाकून ‘फोटो नंतर लावू’ म्हणू नका. त्यांनी एकदा बघून सोडलेलं घर ते सहसा पुन्हा उघडत नाहीत.

३. फोटो

दिवसा काढा, पडदे उघडून आणि दिवे लावून. मोबाइल आडवा आणि छातीच्या उंचीवर धरा. खोलीच्या कोपऱ्यात उभं राहिलं की दोन भिंती आणि खिडकी एका फोटोत येतात. भिंतीच्या कडा उभ्या सरळ दिसल्या पाहिजेत. फार रुंद लेन्सचा मोह टाळा, कारण त्यानं खोली खऱ्यापेक्षा मोठी दिसते आणि आलेला माणूस दारातच हिरमुसतो. ओट्यावरची भांडी, दोरीवरचे कपडे, घरातल्या माणसांचे फोटो, टेबलावरची बिलं आधी हलवा. मालकाच्या खासगीपणासाठीही ते गरजेचं आहे.

फोटो चालत गेल्यासारखे क्रमानं लावा: बाहेरून इमारत, दार, बैठक, स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या, बाथरूम, बाल्कनी. फक्त पहिला फोटो घरातल्या सगळ्यात चांगल्या जागेचा ठेवा. एक साधा आराखडा जरूर जोडा, कागदावर हातानं काढून मापं लिहिलेला असला तरी चालेल. कुठली खोली कशाला लागून आहे, हे दहा फोटोंतूनही कळत नाही. रिकाम्या खोलीत संगणकानं फर्निचर दाखवलं असेल, तर तसं त्या फोटोवरच लिहा.

४. किंमत ठरवताना स्क्रीनवरच्या अंदाजावर विसंबू नका

काही संकेतस्थळं घराची किंमत आपोआप काढून दाखवतात. तो अंदाज बोलणी सुरू करायला उपयोगी आहे, त्याहून जास्त नाही. असे अंदाज दाखवणाऱ्या खुद्द झिलोनं २०१८ साली स्वतः घरं विकत घेऊन विकण्याचा उद्योग सुरू केला आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. घरांच्या किमती पुढे कुठे जातील याचा अंदाज बांधणं वाटलं होतं त्याहून कितीतरी बेभरवशाचं निघालं, हे त्यांनीच कारण दिलं. त्याच इमारतीत किंवा त्याच गल्लीत अलीकडे खरोखर झालेले सौदे शोधा. लिस्टिंगमधली किंमत ही मागणी असते. सौदा किती रकमेवर झाला, ते वेगळं विचारावं लागतं.

५. चौकशी आली की लगेच उत्तर द्या

माझ्या मते सगळी मेहनत इथे तरते किंवा बुडते. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये २०११ साली एक अभ्यास आला होता. त्यात २,२४१ अमेरिकी कंपन्या ऑनलाइन चौकशीला किती वेळात उत्तर देतात, हे तपासलं होतं. २३ टक्के कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही. त्याच लेखात दिलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, तासाभरात संपर्क साधणाऱ्यांना निर्णय घेणाऱ्या माणसाशी नीट बोलायला मिळण्याची शक्यता तासाभरानंतर प्रयत्न करणाऱ्यांच्या जवळजवळ सातपट होती. ते अभ्यास फक्त घरांच्या व्यवसायाचे नव्हते, पण आमच्या धंद्यात वेगळं काही घडताना मी पाहिलेलं नाही. चौकशी करणाऱ्यानं त्याच बैठकीत आणखी चार घरांना मेसेज टाकलेला असतो.

उत्तरात त्यानं जे विचारलंय ते आधी सांगा, मग एकच प्रश्न विचारा. ‘हो, घर अजून उपलब्ध आहे. पार्किंग एका गाडीचं, आखून दिलेलं आहे. तुम्हाला राहायला कधीपर्यंत जायचंय?’ एवढं पुरे. ‘फोन करा, सांगतो’ असं उत्तर देणाऱ्याला फोन येत नाही. आपोआप जाणारा मेसेज रात्रीच्या वेळी पोच म्हणून ठीक आहे, पण सकाळी माणसानं बोललंच पाहिजे.

६. नोंद ठेवा आणि फॉलोअप मोजका करा

साधी एक्सेल शीट चालते. नाव, कुठल्या पोर्टलवरून आला, कुठलं घर, बजेट, कधीपर्यंत हवंय, शेवटचं बोलणं काय झालं, पुढचा फोन कधी. ‘शेवटचं बोलणं’ हा रकाना त्याच्याच शब्दांत भरा. ‘आईला पायऱ्या नकोत’ असं लिहिलेलं असलं की तीन आठवड्यांनी तळमजल्यावरचं घर आलं तर कुणाला आधी फोन करायचा, ते शोधावं लागत नाही.

माझा ढोबळ क्रम असा: पहिल्या दिवशी उत्तर, तिसऱ्या दिवशी एक फोन, आठवड्यानं एक मेसेज, मग महिन्यातून एकदा. मात्र दर वेळी सांगायला काहीतरी नवीन असलं पाहिजे. किंमत उतरली, ताब्याची तारीख पक्की झाली, तसंच दुसरं घर आलं, असं काहीतरी. ‘काय ठरलं?’ एवढंच विचारायला फोन करू नका. नको म्हणाला तर तशी नोंद करून थांबा. त्याचा नंबर त्यानं या घरासाठी दिलेला आहे, तो त्याला न विचारता बँकेच्या किंवा दुसऱ्या एजंटच्या हाती देणं गैर आहे, आणि अनेक देशांत बेकायदाही.

महिनाअखेरीला चौकशा किती आल्या यापेक्षा कुठल्या पोर्टलवरून आलेले लोक प्रत्यक्ष घर बघायला आले, ते मोजा. पुढच्या महिन्याचे जाहिरातीचे पैसे तिथे घाला.

७. सौदा झाला की लिस्टिंग उतरवा

त्याच दिवशी, सगळ्या पोर्टलांवरून. विकलेलं घर फोन येत राहावेत म्हणून ठेवणारे बरेच आहेत, आणि त्यांच्यामुळेच खरेदीदार प्रत्येक लिस्टिंगकडे संशयानं बघतो. दुसराही धोका आहे. अशा जुन्या लिस्टिंगमधले फोटो उचलून भामटे खोटी जाहिरात करतात आणि घर न दाखवताच आगाऊ रक्कम मागतात. उतरवल्यावर शीटमधल्या ज्यांच्याशी बोलणं सुरू होतं, त्या प्रत्येकाला दोन ओळी पाठवा: ते घर गेलं, तुमची गरज अशी लिहून ठेवली आहे, तीत काही बदल असेल तर कळवा.