गावच्या सप्ताहाचं कीर्तन स्वतःच्या क्लाउड सर्व्हरवरून लाइव्ह कसं दाखवायचं

आमच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की निम्मं गाव पुण्या-मुंबईला नोकरीवर असतं, काही पोरं आखातात, आणि सगळ्यांना रात्रीचं कीर्तन बघायचं असतं. आधी आम्ही एका फुकट व्हिडिओ साइटवर लाइव्ह करायचो, पण एका रात्री ऐन रंगात आलेल्या कीर्तनात एका अभंगाच्या चालीवर कुणाचातरी कॉपीराइटचा दावा लागला आणि लाइव्ह बंद, मग फोनवर फोन. तेव्हापासून स्वतःचा क्लाउड सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवर भाड्यानं घेतलेला कॉम्प्युटर, वापरतोय.

सर्व्हर घ्यायच्या आधी कागदावर डेटाचा हिशोब करा, कारण इथे पैसे प्रोसेसरचे लागत नाहीत, बाहेर जाणाऱ्या डेटाचे लागतात. व्हिडिओचा बिटरेट 1500 केबीपीएस (सेकंदाला जाणारे किलोबिट) आणि आवाजाचा 128 धरला तर एका माणसाला तासाला साधारण 730 एमबी जातात. 60 जण दोन तास बघणार म्हणजे रात्रीचे 88 जीबी, सात रात्रींचे 616, काल्याचं कीर्तन धरून सातशेच्या आसपास. शिवाय 60 जण एकाच वेळी म्हणजे सर्व्हरमधून सतत जवळपास 100 एमबीपीएस बाहेर पडणार, तेही बघा. सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या डिजिटलओशन कंपनीचं बंगळुरूला सेंटर आहे, तिथल्या 1 जीबी रॅमच्या साध्या सर्व्हरबरोबर पूर्ण महिन्याला 1000 जीबी ट्रान्सफर मिळतो, पण सर्व्हर आठ-दहा दिवसच ठेवला तर तो दिवसांच्या प्रमाणात कमी मिळतो आणि वरच्या जीबीचे थोडे पैसे लागतात, तेही हिशोबात धरा. अॅमेझॉनचं मुंबईत आहे पण तिथे महिन्याला 100 जीबी फुकट आणि पुढे जीबीमागे पैसे, त्यामुळे या कामाला ते महाग पडतं.

सर्व्हर उबुंटूचा (ही लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टीम) घ्या. आत शिरल्यावर आधी फायरवॉल, म्हणजे नको ती दारं बंद ठेवणारा पहारा, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे, आधी 22 नंबरचा पोर्ट (म्हणजे दार, याच दारानं आपण सर्व्हरमध्ये शिरतो) उघडायचा मगच फायरवॉल चालू करायची, नाहीतर तुम्हीच बाहेर अडकाल. बाकी 80, 443 आणि 1935 उघडा. 1935 हा आरटीएमपीचा, म्हणजे लाइव्ह व्हिडिओ पाठवायच्या पद्धतीचा, पोर्ट, मंडपातल्या लॅपटॉपवरून व्हिडिओ त्या दारानं आत येणार. काही कंपन्यांच्या वेबसाइटवर फायरवॉल वेगळी असते, तिथेही हेच पोर्ट उघडावे लागतात.

मग एप्ट (उबुंटूत सॉफ्टवेअर टाकायची कमांड) वापरून दोन पॅकेज टाकायची, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि लिबएनजिनएक्स-मॉड-आरटीएमपी (कमांड इंग्रजीतच टाइप करायच्या, इथे उच्चार लिहितोय). दुसऱ्या पॅकेजचं काम असं की आलेल्या व्हिडिओचे चार-पाच सेकंदांचे तुकडे पाडायचे आणि त्यांची यादी एका छोट्या फाइलमध्ये लिहीत राहायची, याला एचएलएस म्हणतात, अॅपलनं 2009 मध्ये आणलेली पद्धत आणि आज कुठल्याही मोबाइलवर चालते. सर्व्हर व्हिडिओ पुन्हा एन्कोड करत नाही, नुसता वाटतो, म्हणून एवढासा सर्व्हर पुरतो.

एनजिनएक्सच्या मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये सगळ्यात खाली, एचटीटीपीच्या ब्लॉकच्या बाहेर, आरटीएमपीचा ब्लॉक लिहायचा. बरेच जण तो चुकून आत लिहितात आणि मग एरर येते. त्यात लिसन 1935, लाइव्ह नावाचं अॅप्लिकेशन, त्यात लाइव्ह ऑन, एचएलएस ऑन, तुकड्याची लांबी 4 सेकंद आणि तुकडे ठेवायचा फोल्डर. तो फोल्डर वेबसाइटच्या फोल्डरमध्ये बनवा आणि त्याची मालकी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरला द्या.

आता सुरक्षा, आणि हे कुणी फारसं सांगत नाही. ओबीएसमध्ये (लॅपटॉपवरून लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर) जी स्ट्रीम की, म्हणजे स्ट्रीमचं नाव, टाकता तेच नाव यादीच्या फाइलला लागतं, म्हणजे की 'सप्ताह' ठेवली तर बघणाऱ्या प्रत्येकाला लिंकमध्ये 'सप्ताह' दिसणार, आणि ज्याला थोडं कळतं तो त्याच नावानं स्वतःचा व्हिडिओ पाठवून मोकळा. म्हणून की मध्ये नावापुढे प्रश्नचिन्ह देऊन वेगळा पासवर्ड जोडायचा, कॉन्फिगमध्ये ऑन-पब्लिश (व्हिडिओ यायला लागताच परवानगी विचारणारी ओळ) लावायचं आणि ते सर्व्हरच्याच आतल्या एका पत्त्यावर वळवायचं, पासवर्ड जुळला तर उत्तर 200 (परवानगी) नाहीतर 403 (मनाई). नोटिफाय-मेथड गेट ही ओळ विसरू नका, ती नसेल तर पासवर्ड पत्त्यात न जाता पोस्ट या दुसऱ्या पद्धतीनं जातो आणि ही तपासणी जुळतच नाही. सगळं झालं की एनजिनएक्स हायफन टी करून फाइल तपासा, मग रीस्टार्ट.

डोमेन (वेबसाइटचं नाव) असेल तर सर्टबॉट या प्रोग्रामनं एचटीटीपीएसचं फुकट सर्टिफिकेट घ्या, कारण एचटीटीपीएसच्या पानावर साध्या एचटीटीपीचा व्हिडिओ ब्राउझर अडवतात. पानावर व्हिडिओ टॅग टाकला की आयफोनच्या सफारीत एचएलएस थेट चालतं, बाकी ब्राउझरसाठी एचएलएस-जेएस ही लायब्ररी जोडा.

मंडपातल्या लॅपटॉपवर ओबीएस. सेटिंगमध्ये स्ट्रीम, सर्व्हिस कस्टम, तुमच्या डोमेनचा आरटीएमपी पत्ता आणि की. आउटपुटमध्ये सीबीआर (स्थिर बिटरेट), 1500, आणि कीफ्रेम (पूर्ण चित्राची फ्रेम) इंटरव्हल 2 सेकंद. तुकडा कीफ्रेमवरच कापला जातो, त्यामुळे तो आकडा ऑटोवर सोडला तर तुकडे आठ-आठ सेकंदांचे होतात आणि लाइव्ह आणखी मागे पडतं. तसंही दहा-वीस सेकंद उशीर राहतोच, फोनवर "आता आरती चालू झाली" सांगितलं तर समोरच्याला अजून अभंगच ऐकू येतो, ते नॉर्मल आहे. आवाज मात्र मिक्सरमधून थेट वायरनं घ्या, कॅमेऱ्याच्या माइकवर पखवाज आणि टाळात बुवांचे शब्दच कळत नाहीत, आणि घरच्यांना चित्रापेक्षा शब्द हवे असतात.

अपलोड स्पीड बिटरेटच्या दुप्पट तरी हवा, आणि तो संध्याकाळी मंडप भरलेला असताना मोजा, कारण तेव्हा सगळ्यांचे मोबाइल त्याच टॉवरवर असतात आणि दुपारी 10 एमबीपीएस दाखवणारा हॉटस्पॉट रात्री 1 वर येतो. जमलं तर शेजारच्या घरातल्या फायबरची केबल ओढा. आदल्या रात्री मृदंग लावताना अर्धा तास चाचणी घ्या आणि वायफाय बंद करून स्वतःच्या मोबाइल डेटावर बघा.

काला झाला की सर्व्हरवर रेकॉर्डिंग ठेवलं असेल तर ते उतरवून घ्या आणि सर्व्हर नुसता बंद करू नका, बंद असला तरी बिल चालू राहतं, पूर्ण डिलीट करा. त्याआधी कॉन्फिगची फाइल स्वतःकडे कॉपी करून ठेवा, पुढच्या सप्ताहाला तीच लागेल.