अमेरिकेच्या राज्यघटनेवर लिहिताना या चुका टाळा

‘जेफरसनने अमेरिकेची घटना लिहिली’ हे वाक्य आधी खोडा. त्याने लिहिला तो 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. घटना 1787 च्या मे ते सप्टेंबर या काळात तयार झाली. तेव्हा जेफरसन पॅरिसला होता आणि जॉन अ‍ॅडम्स लंडनला. दोन्ही दस्तऐवज फिलाडेल्फियाच्या एकाच इमारतीत संमत झाले, म्हणून घोळ होतो.

1787 च्या त्या परिषदेला आलेले राज्यांचे प्रतिनिधी नवी घटना लिहायला जमले होते, असंही लिहू नका. त्यांना काम दिलं होतं ते ‘महासंघाची कलमं’ या आधीच्या घटनेत दुरुस्ती सुचवण्याचं. त्या व्यवस्थेत काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कर बसवता येत नव्हता आणि बदलासाठी तेराही राज्यांची संमती लागत होती. र्‍होड आयलंडने तर प्रतिनिधीच पाठवला नाही. म्हणून नव्या मसुद्यात नऊ राज्यांच्या मंजुरीची अट घातली गेली.

मतांचा हिशेबही चुकतो. एकूण 55 जण आले, पण मत माणसाला नव्हतं, राज्याला होतं. सिनेटमध्ये सर्व राज्यांना समान जागा आणि प्रतिनिधिगृहात लोकसंख्येनुसार, ही तडजोड 16 जुलैला 5 विरुद्ध 4 अशी जेमतेम तरली. मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी आपसातच दुभंगले, न्यूयॉर्कचे दोघे आधीच निघून गेले होते आणि न्यू हॅम्पशायरचे अजून पोहोचायचे होते.

मला सर्वांत खटकते ती तीन-पंचमांशाची चूक. ‘गुलामांना तीन-पंचमांश मत मिळालं’ असं लोक सर्रास लिहितात. गुलामांना मत मुळीच नव्हतं. प्रतिनिधिगृहातल्या जागा आणि प्रत्यक्ष कर ठरवताना त्यांची मोजणी कशी करायची, हा वाद होता; अखेर पाच गुलाम तीन माणसांइतके मोजायचे ठरले. गुलाम पूर्ण मोजावेत असा आग्रह दक्षिणेतल्या गुलाममालकांचा होता, कारण त्यातून त्यांच्याच जागा वाढत होत्या. म्हणजे ज्यांना माणूस म्हणून एकही हक्क दिला नाही, त्यांच्या डोक्यांवर मालकांनी सत्ता मोजून घेतली. आणि मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्द शोधून सापडत नाही. तिथे ‘इतर सर्व व्यक्ती’ असं लिहिलं आहे. हे तुमच्या लिखाणात आलंच पाहिजे.

‘आम्ही भारताचे लोक’ वाचत वाढलेल्या आपल्याला ‘आम्ही संयुक्त संस्थानांचे लोक’ ही अमेरिकेच्या उद्देशिकेची सुरुवात ओळखीची वाटते. पण ऑगस्टच्या मसुद्यात तिथे तेरा राज्यांची नावं होती. कोणती नऊ राज्यं मंजुरी देतील हे कुणालाच माहीत नव्हतं, मग नावं छापणार कशी? अखेरचा हात फिरवणार्‍या समितीत गव्हर्नर मॉरिसने ती यादी काढली. ‘गव्हर्नर’ हे त्याचं नाव, पद नव्हे. इथेही पुष्कळ जण फसतात.

‘हक्कांची सनद’, म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांची यादी, 1787 च्या मसुद्यात धरू नका. जॉर्ज मेसन या प्रतिनिधीने 12 सप्टेंबरला ती मागितली, तेव्हा एकाही राज्याने होकार दिला नाही. पाच दिवसांनी 39 जणांनी सह्या केल्या. हजर असूनही मेसन, रँडॉल्फ आणि गेरी यांनी केल्या नाहीत. सनद घटनेत आली 1791 मध्ये, दुरुस्त्यांच्या रूपाने.