गाडी धुवायला नक्की काय घ्यायचं आणि काय नाही घेतलं तरी चालतं

गाडी धुवायचं सामान बघायला गेलं की डोकंच फिरतं. साधा शाम्पू, वॅक्सवाला शाम्पू, सिरॅमिक शाम्पू, फोम, टायर शाइन, डॅशबोर्ड शाइन, बग रिमूव्हर, आणि प्रत्येक बाटलीवर तीच चकचकीत लाल गाडी. यातलं अर्धंअधिक नाही घेतलं तरी काही अडत नाही, पण जे घ्याल ते बघून घ्या, कारण रंगाची वाट धुळीने कमी आणि धुळीवर घासण्याने जास्त लागते.

म्हणजे बघा, रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो ना, क्लिअर कोट, तो बहुतेक गाड्यांना साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. त्याच्यावर बारीक कण घासले गेले की ओरखडे पडतात, सावलीत दिसत नाहीत पण उन्हात उभं राहून बोनेट बघा, गोल गोल जाळी दिसते तीच ही, काळ्या गाडीवर तर विचारूच नका. त्यामुळे कुठलीही वस्तू घेताना एकच गोष्ट बघायची की ही मळ सोडवून उचलते का नुसता पसरवून घासते.

म्हणून सुरुवात शाम्पूपासून नाही, फडक्यापासून. लोक महागडा शाम्पू घेतात आणि पुसायला जुना बनियन, काय अर्थ आहे सांगा. सपाट स्पंजही नको, त्यात कण अडकला की तो पृष्ठभागावरच राहतो आणि तुम्ही तोच पूर्ण दारावर फिरवत बसता. मायक्रोफायबरचा लांब दोऱ्यांचा हातमोजा मिळतो, वॉश मिट म्हणतात, तो घ्या, त्यात कण दोऱ्यांच्या आत जातो आणि बादलीत खळबळला की सुटतो. पुसायच्या मायक्रोफायबरवर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, तो त्याचा भरीवपणा. ३०० ते ४०० वाला सगळ्या कामाला चालतो, गाडी कोरडी करायला ५०० च्या पुढचा घ्या, काचेला मात्र जाड नको, आखूड दोऱ्यांचा किंवा वॅफलच्या विणीचा बरा. ८०-२० किंवा ७०-३० असंही लिहिलेलं असतं, ते पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचं प्रमाण, दुसरा आकडा मोठा तर कापड साधारणपणे मऊ आणि जास्त पाणी पिणारं. आणि कड बघाच! कडक शिलाई आणि टोचणारं लेबल असेल तर मधलं कापड कितीही मऊ असो, ओरखडा कडेनेच पडणार. खात्री करायची तर घरातली जुनी सीडी घ्या, तिच्या चकचकीत बाजूवर फडका जरा दाबून फिरवा आणि उजेडात तिरकी धरा, जे सीडीवर दिसेल तेच रंगावर होणार.

फडके धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर दोऱ्यांवर बसतो आणि मग फडका पाणी ओढतच नाही. सुती कपड्यांबरोबर पण नको, सगळी लव चिकटते. जमिनीवर पडलेला फडका त्या दिवशी रंगाला लावायचा नाही. रंगाचे वेगळे, चाकांचे वेगळे, आतले वेगळे, तीन रंगांचे घेतले की घोळ होत नाही.

आता शाम्पू. भांडी घासायचं लिक्विड चालतं का हा प्रश्न कधी संपत नाही. ते बनवलंय तेलकट, चिकट काढायला, त्यामुळे गाडीवरचं वॅक्स, म्हणजे रंग जपायला लावलेला मेणासारखा थर, तोही ते काढायला बघतं, शिवाय त्यात ओशटपणा कमी म्हणजे मिट रंगावरून घसरत नाही, ओढला जातो. एकदा वापरलं म्हणून रंग जळतो वगैरे जे सांगतात ते मला काही पटत नाही, नवीन वॅक्स लावायच्या आधी जुनं काढायला मुद्दाम वापरणारेही आहेत, पण दर आठवड्याला नको. कपड्यांची पावडर तर नकोच, एक तर ती अल्कधर्मी, वर न विरघळलेले दाणे.

गाडीचा शाम्पू घेताना पुढचं लेबल सोडा, बाटली उलटी करा. पीएच न्यूट्रल, म्हणजे ना आम्ल ना अल्कधर्मी, असं लिहिलंय का, आणि पाण्यात किती मिसळायचा ते प्रमाण काय, या दोन गोष्टी बघा. खरी किंमत प्रमाणात लपलेली असते. समजा १:२०० वाला आहे, तर १० लिटरच्या बादलीला ५० मिली लागतो, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत १० वेळा गाडी धुऊन होते. तोच १:५० वाला असेल तर बादलीला २०० मिली आणि बाटली अडीच वेळात संपली, मग दुकानात तो स्वस्त दिसला तरी स्वस्त कुठे राहिला? प्रमाणच दिलं नसेल तर मी ती बाटली परत ठेवतो. आणि फेसावर भाळू नका, फेस छान दिसतो एवढंच, साफ करणारा माल वेगळा असतो. मिसळलेलं पाणी दोन बोटांत चोळून बघा, फेस बसल्यावरही बोटं घसरत राहिली तर शाम्पू चांगला.

वॅक्सवाला शाम्पू वाईट नसतो, पण सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवलेला कडक संरक्षक थर, केलेलं असेल तर साधाच वापरा, नाहीतर कोटिंगवर दुसराच थर बसतो आणि पाण्याचे थेंब पहिल्यासारखे पळत नाहीत, मग लोक म्हणतात कोटिंग गेलं.

बादल्या दोन ठेवा, एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी मिट खळबळायला, तळाशी जाळी असेल तर उत्तम. फोम गन, म्हणजे शाम्पूचा फेस गाडीवर मारायची बंदूक, ज्यांच्याकडे प्रेशर वॉशर आहे त्यांनी घ्यावी, बाकीच्यांना हाताने हवा भरायचा स्प्रे पुरतो, मारायचा, तीन-चार मिनिटं थांबायचं, सुकायच्या आत धुवायचं. पाणी कमी असेल तर रिन्सलेस वॉश मिळतो, म्हणजे लावून पुसायचा, वरून पाण्याने धुवावा न लागणारा, बादलीभर पाण्यात अख्खी गाडी होते, पण तो हलक्या धुळीसाठी. चिखलाने माखलेल्या गाडीवर तो लावून फडका फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर मारल्यासारखंच.

शाम्पूने न निघणारे डाग असतात तिथे डाग कसला आहे त्यावर बाटली ठरते, सगळ्याला एकच औषध नाही. डांबराचे काळे ठिपके सॉल्व्हंटनेच विरघळतात म्हणून टार रिमूव्हर, तो रंग न दिलेल्या काळ्या प्लॅस्टिकला आणि रबराला लागू देऊ नका. खाऱ्या, जड पाण्याचे पांढरे डाग म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, त्याला आम्ल लागतं, साबण कितीही घासा काही होत नाही. किड्यांना आणि पक्ष्यांच्या घाणीला आधी भिजवायचं, ओला फडका पाच मिनिटं वर ठेवायचा, बहुतेक वेळा बग रिमूव्हर लागतच नाही. पक्ष्यांची घाण मात्र उन्हात राहू देऊ नका, ती क्लिअर कोटमध्ये खोलवर डाग पाडते.

ब्रेकची लोखंडी धूळ चाकांवर बसते त्यासाठी आयर्न रिमूव्हर असतो, लोखंड सापडलं की तो जांभळा होतो, बघायला मजा येते पण वास सडक्या अंड्यासारखा, तेव्हा मोकळ्या हवेत आणि ग्लोव्हज घालूनच. चाकांसाठी घेताना ॲसिड फ्री लिहिलेलं बघा, कारण ॲसिडवाले क्लिनर पॉलिश केलेल्या उघड्या ॲल्युमिनियमवर डाग पाडतात, आणि लेबलवर हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड दिसलं तर सरळ नाही म्हणा, ते त्वचेतून आत जाऊन गंभीर इजा करतं. चाकं गार झाल्यावरच मारायचं. आणि कुठलंही ॲसिडवालं ब्लीचमध्ये मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

धुऊन झाल्यावरही हाताला खरखर लागते का? पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोनेटवर फिरवा, जे उघड्या हाताला कळत नाही ते पिशवीतून लगेच कळतं. खरखर असेल तर क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा, आणि त्याचं लुब्रिकंट, म्हणजे तो घसरावा म्हणून मारायचं द्रव, कोरडा कधीच नाही, आणि क्ले खाली पडला तर मोह सोडून फेकून द्या.

वरून संरक्षण काय लावायचं हे तुमच्या आळसावर आहे. कार्नोबा, म्हणजे नैसर्गिक मेणाचं वॅक्स, दिसायला भारी पण काही आठवडे ते दोन-एक महिने टिकतं, पॉलिमर सीलंट, म्हणजे तसाच पण कृत्रिम थर, साधारण चार ते सहा महिने, सिरॅमिक स्प्रे लावायला सोपा पण खऱ्या कोटिंगएवढा टिकत नाही. कोटिंगच्या बाटलीवर ९एच लिहिलेलं वाचून गाडी दगडाला पुरून उरेल असं समजू नका, तो पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीचा आकडा आहे. मॅट रंगाची गाडी असेल तर पॉलिश आणि साधं वॅक्स दोन्ही बंद, मॅटसाठीचंच सामान घ्यायचं, नाहीतर मध्येच चकचकीत ठिपके उमटतात आणि ते परत मॅट होत नाहीत.

काचेला अमोनिया नसलेला क्लिनर, विशेषतः आतून फिल्म लावलेली असेल तर, अमोनिया फिल्म खराब करतो. डॅशबोर्डवरच्या टचस्क्रीनला तर क्लिनरसुद्धा नको, किंचित ओला मायक्रोफायबर पुरतो, आणि स्प्रे मारायचाच तर फडक्यावर, स्क्रीनवर नाही.

आतल्या प्लॅस्टिकला ऑल पर्पज क्लिनर लेबलवर असेल तितका पातळ करून, बस. तेलकट चमक देणारे डॅशबोर्ड शाइन मला स्वतःला आवडत नाहीत, त्यावर धूळ चिकटते आणि दुपारी डॅशबोर्डचं प्रतिबिंब पुढच्या काचेत दिसत राहतं. मॅट फिनिश लिहिलेलं घ्या. स्टिअरिंग आणि पेडलला तर असलं काही लावूच नका, हातपाय घसरले तर काय करणार.

टायरला लावायचं असेल तर पाण्याचा बेस असलेलं घ्या, सॉल्व्हंटवाल्याने चमक जास्त येते पण चाक फिरलं की दारांवर काळे शिंतोडे उडतात. आधी टायर ब्रशने घासून त्यावरचा तपकिरी थर काढा, नाहीतर काहीही लावा ते टिकत नाही. लावताना फक्त बाजूच्या भिंतीला, रस्त्याला टेकणाऱ्या भागाला आणि ब्रेकच्या डिस्कला अजिबात नाही, आणि दहा मिनिटांनी वरचं जास्तीचं पुसून मगच गाडी हलवा.