जुन्या किचन ट्रॉलीला टेक्स्चर फिनिश देताय? या चुका टाळा

दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या ट्रॉल्यांकडे नीट बघितलं की झीज कुठे झाली ते लगेच कळतं. शेगडीच्या दोन्ही बाजूंना पिवळट चिकटा, सिंकखालच्या दाराचा खालचा काठ फुगलेला, मुठीभोवतीची चमक उडालेली. अशा वेळी सल्ला हमखास मिळतो, "साध्या रंगाऐवजी टेक्स्चर मारा, खालचं सगळं झाकलं जाईल." बहुतेक बिघाडांचं मूळ मला या एका वाक्यात दिसतं. टेक्स्चर, म्हणजे पोत उमटवलेला रंगाचा थर, जुना रंग झाकतं, बारीक ओरखडे झाकतं. तेलकटपणा, ओल आणि सुटलेला सनमायका मात्र ते झाकत नाही. उलट त्याचा थर जाड असतो, त्यामुळे खालची पकड सुटली की बारीक पोपडे निघत नाहीत, तळहाताएवढा तुकडा एकदम हातात येतो.

शटर (कपाटाचं दार) कशाचं आहे ते न बघता रंग आणणं

दुकानात जाण्याआधी एक शटर उतरवा. आधुनिक बिजागरी बसवण्यासाठी शटरच्या मागे ३५ मिमी व्यासाचा गोल खड्डा पाडलेला असतो. त्या खड्ड्याची कड टॉर्चच्या उजेडात बघा. थरावर थर दिसले तर प्लायवूड, सगळीकडे एकसारखा तपकिरी भुगा दाबल्यासारखं दिसलं तर एमडीएफ, आणि लाकडाचे कपचे दिसले तर पार्टिकल बोर्ड.

मग वरचा थर तपासा. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन मागच्या कोपऱ्यात मिनिटभर घासा. थर चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने थर विरघळला तर तो लॅकर. दोन्हीला दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) यांचा कडक थर, नाहीतर सनमायका. हे आधी कळणं गरजेचं आहे, कारण जुन्या ऑइल पेंटवर लॅकर मारला की त्यातला थिनर खालचा थर उचलतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या येतात. अशा सुरकुत्यांवर आणखी एक हात मारून काही साधत नाही, सगळं खरवडूनच काढावं लागतं.

मेम्ब्रेनची शटरं म्हणजे एमडीएफवर ताणून बसवलेला पीव्हीसीचा पापुद्रा. शेगडीजवळ तो काठाने सुटतो. सुटलेल्या मेम्ब्रेनवर टेक्स्चर मारू नका. हीट गनने हळूहळू गरम करत तो सगळा सोलून काढा. खालचं एमडीएफ रंगाला उत्तम असतं, फक्त त्याचे काठ पाणी आणि रंग दोन्ही भराभर पितात. काठांना आधी चपडा लाखेचे दोन पातळ हात द्या, वाळल्यावर पॉलिश पेपरने हलकेच घासा, मगच प्रायमर. वर पीयू येणार असेल तर मेण काढलेली लाख मागा. साध्या चपड्यातल्या मेणावर पीयू नीट धरत नाही.

फुगलेल्या शटरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पार्टिकल बोर्ड एकदा फुगलं की ते पुन्हा बसत नाही. घासून सपाट केलं तरी आतला भुगा सुटलेलाच असतो. ते एक शटर नवीन करून घ्या, आणि त्याआधी सिंकची गळती बंद करा.

धुण्याआधी घासणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आपल्या स्वयंपाकघरात रोज फोडणी होते, आणि तेलाची वाफ चिमणी असली तरी वरच्या कप्प्यांच्या कडांवर बसतेच. त्यावर थेट पॉलिश पेपर चालवला की चिकटा निघत नाही, तो ओरखड्यांत दाबला जातो. वर प्रायमर छान बसल्यासारखा दिसतो आणि दोन-चार महिन्यांनी शेगडीच्या बाजूने फुगे येऊ लागतात.

आधी भांड्यांच्या साबणाने धुवा. जिथे राप जाड आहे तिथे लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून, हातमोजे चढवून घासा. ॲल्युमिनियमच्या मुठी किंवा प्रोफाइल असतील तर त्या आधी काढून ठेवा, सोड्याने ॲल्युमिनियम काळवंडतं. घासताना एखादा पिवळा डाग एकदम लालसर झाला तर घाबरू नका. ती हळद आहे. कपड्यावरच्या हळदीला साबण लागल्यावर जे होतं तेच इथे होतं. मग साध्या पाण्याने दोनदा पुसा, कारण सोड्याचा अंश मागे राहिला तरी रंग धरत नाही.

झालं की नाही हे पाणीच सांगतं. शटर आडवं ठेवून त्यावर पाणी शिंपडा. पाणी सलग पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. थेंब गोळा होऊन सरकले तर अजून तेल आहे, पुन्हा धुवा. एक पूर्ण रात्र वाळू द्या.

रंग मारताना तो एखाद्या जागी गोल सरकून मध्ये उघडी टिकली पडत असेल, तर ते बहुधा सिलिकॉन असतं. सिंकच्या फटीला लावलेलं सीलंट किंवा फर्निचर चमकवायचा स्प्रे, दोन्हींत ते असू शकतं. तिथे रंगावर रंग चढवत बसू नका. वाळू द्या, घासा, थिनरने पुसा, आणि प्रत्येक शटरला फडक्याची नवीन बाजू वापरा, नाहीतर एकाचं सिलिकॉन दुसऱ्याला लागतं.

घासणं, लांबी (भेगा भरायचा मसाला), प्रायमर

सनमायकाला १८० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. चमक मरली पाहिजे, नक्षी उडता कामा नये. सनमायकाची शीट साधारण १ मिमी जाड असते आणि नक्षीचा कागद पारदर्शक थराच्या लगेच खाली असतो. व्हिनियर (खऱ्या लाकडाचा पापुद्रा) तर त्याहून पातळ, तिथे मशीन चालवूच नका.

जुन्या ऑइल पेंटच्या बाबतीत एक काळजी जरूर घ्या. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६च्या नियमांनी आली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून कोरडं घासू नका. वॉटर पेपर ओला करून घासा, धूळ ओल्या फडक्याने टिपा, आणि त्या दिवशी लहान मुलं नि गरोदर बाई घरात नको.

भेगा भरायला अनेक रंगारी भिंतीची पुट्टी वापरतात, कधी तिच्यात फेविकॉल कालवून त्याचंच टेक्स्चरही करतात. भिंत हलत नाही, शटर दिवसातून पन्नासदा आपटतं. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी ताठ असते, ती बिजागरीजवळ तडकते. लाकडाची फिलर वापरा, काठ तुटला असेल तर गाडीच्या पत्र्याला भरतात ती दोन भागांची पॉलिएस्टर लांबी उत्तम. प्रायमरचंही तसंच. भिंतीचा प्रायमर सनमायकावर धरत नाही. दुकानात सनमायकावर चालणारा पकडीचा प्रायमर किंवा दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर असं स्पष्ट सांगून मागा.

प्रायमर वाळल्यावर एका शटरच्या मागच्या बाजूला ब्लेडने बारीक फुली मारा, वर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीला प्रायमर चिकटून आला तर थांबा. पुढचं सगळं काम त्या पकडीवर उभं राहणार आहे.

फडकं अडकेल असं टेक्स्चर

नमुन्याच्या फोटोत खडबडीत, सिमेंटी, खोल रेघांचं टेक्स्चर फार देखणं दिसतं. पण ते फोटो फोडणी न होणाऱ्या जागेचे असतात. माझी कसोटी एकच: ओटा पुसायचं रोजचं सुती फडकं त्यावरून फिरवा. ते अडकलं, धागे मागे राहिले, तर ते टेक्स्चर स्वयंपाकघरात नको. खळग्यांत तेल बसतं, तेलावर धूळ बसते, आणि वर्षभरात राखाडी शटर तपकिरी होतं.

स्पंजने किंवा चुरगळलेल्या कापडाने उमटवलेलं टेक्स्चर डोळ्यांना खोल दिसतं, हाताला जवळपास सपाट लागतं. शेगडीच्या आसपास तेच करा. कंगव्याच्या रेघा हव्यात तर उभ्या ओढा. आडव्या रेघेची प्रत्येक खालची कड म्हणजे धुळीची फळी. स्टेन्सिलची उठावदार नक्षी माळ्याच्या किंवा जेवणाच्या टेबलाकडच्या शटरांवर शोभते. खरं सागवान असेल तर रंगच देऊ नका. मऊ तारेच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासून नसा उघड्या करा आणि त्यांत पांढरट किंवा काळपट रंग भरून वरचा पुसून घ्या. सागाच्या नसा त्यासाठी पुरेशा मोकळ्या असतात, आणि लाकूड लाकूडच दिसतं.

जाडीचाही हिशेब ठेवा. दोन शटरांमधली फट जेमतेम दोन-तीन मिमी असते. दोन्ही काठांवर टेक्स्चर चढलं की दारं घासू लागतात आणि नवीन काम काठापासून उडतं. टेक्स्चर काठाच्या थोडं आत थांबवा, काठाला साधा रंग द्या. तरीही घासत असेल तर बिजागरीचे स्क्रू फिरवून दार बाजूला सरकवता येतं.

क्रॅकल बिघडतं ते इथे

जुन्या वाड्यातल्या कपाटासारखा तडकलेला रंग अनेकांना हवा असतो, आणि सगळ्यात जास्त फसतोही तोच. पद्धत अशी: खाली गडद रंग, तो पूर्ण वाळल्यावर क्रॅकल मीडियम, आणि डब्यावर सांगितलेल्या वेळेत वर पाण्यावर आधारित फिक्या रंगाचा एकच हात. वरचा रंग लवकर वाळतो, खालचं मीडियम त्याला सरकू देतं, आणि ताणाने भेगा पडतात. वरचा हात जाड असेल तर भेगा मोठ्या आणि विरळ पडतात, पातळ असेल तर बारीक आणि दाट. ब्रशने मारलं तर भेगा ब्रशच्या दिशेने धावतात, स्पंजने टिपलं तर जाळीसारख्या पसरतात.

भेगा पडायला काही क्षणांत सुरुवात होते, आणि नेमकं तेव्हाच "इथे थोडं राहिलंय" म्हणून पुन्हा ब्रश फिरवला जातो. त्याने भेगा बुजून चिखल होतो. राहिलं तर राहू द्या. भेगा पडल्याच नाहीत तर बहुतेक वेळा मीडियम फार पातळ लागलेलं असतं किंवा वरचा रंग ऑइलचा असतो. मीडियमऐवजी पांढरा फेविकॉल वापरायची युक्ती फोटोफ्रेमला ठीक आहे, स्वयंपाकघरात नको. ओलाव्याने तो पुन्हा मऊ होतो आणि वरचा रंग सरकतो.

हवा आणि घाई

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर लॅकरचं काम काढूच नये. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि थर पांढुरका, ढगाळ होतो. थोडंच झालं असेल तर कोरड्या दिवशी रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घातलेल्या थिनरचा हलका फवारा देऊन ते सुधारतं. विदर्भात मे महिन्यात उलटी तऱ्हा. रंग ब्रशखालीच वाळतो आणि जोड दिसतात. तिथे पहाटे काम करा. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात काम काढलं तर प्रत्येक हात अर्धवट वाळलेल्या थरावर बसतो. नवरात्राच्या सुमारास सुरू करा.

काम ओट्याजवळच होणार असेल तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, शेगडी नि देवघरातली समई पेटवू नका. फ्रिजच्या कॉम्प्रेसरची ठिणगीही थिनरच्या वाफेला पुरते, म्हणून तो आधीच बंद करून ठेवा. शक्य असेल तर शटरं उतरवून, चिकटपट्टीवर क्रमांक लिहून गच्चीत किंवा वर्कशॉपमध्ये न्या. दोन भागांचं पीयू तर घरात फवारूच नका. त्यातलं आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसांना घातक असतं आणि साधा कापडी मास्क ते अडवत नाही.

वरचा पारदर्शक हात

टेक्स्चर झालं की काम संपलं असं समजून ते उघडं सोडतात, आणि पहिल्याच रस्सा-भाजीला हळदीचा डाग आत मुरतो. दोन-तीन पातळ हात पारदर्शक मॅट पीयूचे हवेतच. मेणाचं फिनिश फोटोत मऊसूत दिसतं, पण मधमाशांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. गरम कुकर शेजारी ठेवणाऱ्या घरात त्याचा उपयोग नाही, शिवाय मेणावर पुढे दुसरा कुठलाच थर धरत नाही.

दोन भागांचं पीयू आठवड्यानंतरही चिकट असेल तर मिश्रणाचं प्रमाण चुकलं आहे. ते आपोआप वाळणार नाही, काढूनच टाकावं लागेल. पांढरं ऑइल पेंट दाराच्या आतल्या बाजूला पिवळं पडत असेल तर तो अंधाराचा परिणाम आहे. आतून पाण्यावर आधारित ॲक्रिलिक वापरा.

हाताला वाळलं म्हणजे आतून पक्कं झालं असं नाही. पाण्यावरच्या रंगाला पूर्ण पक्कं व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर दार मिटलं की चौकटीला चिकटतं आणि उघडताना टेक्स्चरचा तुकडा घेऊन येतं. कोपऱ्यांवर पारदर्शक रबरी टिकल्या लावा, साबणाने पुसू नका, कोरडं सुती फडकं पुरे. नंतरही तारेची घासणी कायमची लांब ठेवा. हळद सांडली तर लगेच टिपून घ्या, आणि तरीही पिवळेपणा उरला तर ते शटर उतरवून दोन-तीन दुपारी उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात उडतो.