बैठकीत सगळ्या जणी बोलायला लागल्या, ते असं

नागपुरात हुडकेश्वरकडे महिला बचत गटांच्या बैठका मी घेते. गटात दहा ते वीस जणी. अडचण नेहमीचीच: अध्यक्ष आणि सचिव बोलणार, बाकीच्या माना डोलावणार. अंतर्गत कर्ज, म्हणजे गटाच्या बचतीतून सभासदांना द्यायचं कर्ज, हा पंचसूत्रीतला (गट चालवायच्या पाच नियमांतला) सगळ्यात नाजूक विषय, तोही दोघींच्याच बोलण्यावर ठरायचा. पुढे हप्ता थकला की कुरबुर सुरू.

आधी सतरंजीवरच्या रांगा मोडून गोल केला आणि मीही त्यातच बसले. मग प्रश्न बदलले. "सगळ्यांना पटलं ना?" याला "हो"शिवाय उत्तर येत नाही. आता विचारते, "या कर्जात अडचण कुठं येईल?" आणि गप्प बसते. मनात दहापर्यंत मोजायचं. ही शांतता सोसणं फार अवघड, पण खरं बोलणं तिथूनच सुरू होतं.

तरीही ज्यांचं तोंड उघडत नाही, त्यांना आधी शेजारणीशी दोन मिनिटं बोलू देते, मग गटात सांगायचं. एक काकू कायम दाराशी बसायच्या. अशाच एकदा म्हणाल्या, "चहाच्या ठेल्याचा हप्ता उन्हाळ्यात जड जाते नं ताई. मे महिन्यात दुपारी चहा कोण पिते?" नागपूरचं ऊन सगळ्यांच्या ओळखीचं! त्यांचे उन्हाळ्यातले हप्ते तिथंच लहान केले, पावसाळ्यातले वाढवले.

माझा स्वतःचा धीर तयारीतून आला. बैठकीआधी प्रश्न वहीत लिहिते. नंतर कोण बोललं नाही ते टिपते आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्यांच्यापासून करते.