केल आबेल वाचताना हातात पेन्सिल हवी

केल आबेल (१९०१–१९६१) या डॅनिश नाटककाराचं नाटक मी पहिल्यांदा नुसते संवाद वाचत संपवलं आणि हाती काहीच लागलं नाही. मग कळलं, की हा माणूस नाटककार होण्याआधी नेपथ्यकार होता. १९३०-३१ मध्ये कोपनहेगनच्या रॉयल थिएटरात नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलन्शीनच्या बॅलेंचं नेपथ्य त्याने केलं होतं. तेव्हापासून मी त्याला आखून वाचते. नेपथ्याच्या वर्गातल्या मुलांनाही तेच सांगते.

आलेखाची वही घ्या, अर्धा इंच म्हणजे एक फूट धरा. पहिल्या वाचनात फक्त रंगसूचना. दार कुठे, कोण कुठून येतं, कुठे थांबतं, ते बाणांनी दाखवा. संवाद दुसऱ्या वाचनात.

सुरुवात ‘हरवलेली सुरावट’पासून करा (१९३५). कारकून लार्सनच्या आयुष्यातलं गाणंच हरवलंय. प्रवेश छोटे, मध्येमध्ये गाणी. इथे आराखडे बारीक काढू नका, प्रत्येक प्रवेशाला तळहाताएवढं चित्र पुरे.

‘ॲना सोफी हेडविग’ला (१९३९) मात्र वेळ द्या. गावातली साधी शिक्षिका कोपनहेगनच्या नातेवाइकांकडे पाहुणी येते आणि आपण शाळेतल्या एका जुलमी बाईला ठार मारल्याचं सांगते. दिवाणखाना वहीवर काढा, शाळा ट्रेसिंग पेपरवर, आणि कागद एकावर एक ठेवा. शेवटी ती स्पेनच्या यादवी युद्धातल्या एका तरुणाशेजारी, गोळी झेलायला भिंतीपाशी उभी राहते. ती भिंत तिसऱ्या कागदावर काढा. मला हे नाटक त्या तिसऱ्या कागदावर कळलं: घरातला जुलूम आणि देशावरचा जुलूम आबेल एकाच जमिनीवर उभे करतो. तो हे नुसतं लिहून थांबला नाही. जानेवारी १९४४ मध्ये, डेन्मार्क नाझींच्या ताब्यात असताना, त्यांनी ‘काय मुंक’ (Kaj Munk) या डॅनिश पाद्री-नाटककाराचा खून केला, तेव्हा रॉयल थिएटरातला प्रयोग थांबवून आबेलने प्रेक्षकांना मुंकला आदरांजली वाहायला सांगितलं. नंतर त्याला भूमिगत व्हावं लागलं.

‘ढगावरचे दिवस’ (१९४७) सगळ्यात शेवटी घ्या. विमानातून खाली पडणारा शास्त्रज्ञ ढगावर ग्रीक देवतांमध्ये पोचतो. इथे जमिनीचा आराखडा उपयोगी नाही. वही आडवी न धरता उभी धरा, उभा छेद (रंगमंच बाजूने कापल्यावर दिसेल तसं चित्र) काढा आणि पानाच्या वरच्या टोकापासून सुरू करा.