खिडकीतला एव्हरेस्ट आणि शेजारची आई: माउंटन फ्लाइटचे फोटो काढताना या चुका टाळा

काठमांडूहून सकाळी उडणारी माउंटन फ्लाइट जेमतेम तासाभराची. विमान हिमालयाची रांग डाव्या हाताला ठेवून पूर्वेला जातं, एव्हरेस्टच्या बाजूला पोचलं की वळतं आणि तीच रांग उजव्या हाताला घेऊन परत येतं. मध्ये कुठे उतरणं नाही. त्या तासात जे हाती लागेल तेवढंच आपलं.

मी पहिल्यांदा गेले ती आई, नवरा आणि नऊ वर्षांच्या लेकीबरोबर, नोव्हेंबरमध्ये. लग्नामुंजींचे फोटो काढणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे कॅमेरा हाताळण्याचा प्रश्न नव्हता. आईने जिल्हा परिषदेच्या शाळेत तीसेक वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर खडूने हिमालयाच्या रांगा काढणाऱ्या बाईला तो हिमालय प्रत्यक्ष दाखवायचा, एवढ्यासाठीच ती सहल होती. घरी येऊन फोटो लॅपटॉपवर उघडले तर चारशेच्या वर भरले. निम्म्यांवर माझ्याच पांढऱ्या कुर्त्याचं प्रतिबिंब होतं, आणि आई खिडकीतून एव्हरेस्ट बघते आहे असा एकही फोटो नव्हता. त्याचं मला अजून वाईट वाटतं. पुढे बहिणीच्या कुटुंबाबरोबर एप्रिलमध्ये पुन्हा गेले, तेव्हा बऱ्याच गोष्टी सुधारल्या. दोन्ही वेळी जे शिकले ते इथे लिहिते आहे.

फ्लाइट सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवणं

ही चूक सगळ्यांत महागात पडते, कारण ढगांपुढे कुठलाच कॅमेरा चालत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यांत चांगला, पावसाने हवा धुतलेली असते. जून ते सप्टेंबर ढगांचा काळ. डिसेंबर-जानेवारीत वर आकाश लख्ख असतं, पण काठमांडूच्या खोऱ्यात सकाळी धुकं बसतं आणि विमानं जमिनीवरच अडकतात. मार्च-एप्रिलमध्ये धुरकट हवा असते, त्यात जंगलातल्या वणव्यांचा धूरही मिसळलेला असतो. त्या धुरकट थराच्या वर गेलं की शिखरं स्वच्छ दिसतात, हे मात्र मी एप्रिलमध्ये स्वतः पाहिलं.

पहिल्या वेळी आम्ही तीन तास देशांतर्गत टर्मिनलवर बसून होतो आणि शेवटी उड्डाण रद्द झालं. हाताशी आणखी एक दिवस होता म्हणून दुसऱ्या सकाळी जमलं. आमच्या शेजारी नागपूरचं एक कुटुंब होतं, त्यांचं परतीचं विमान त्याच दुपारी होतं. त्यांना पैसे परत मिळाले, एव्हरेस्ट राहिला. म्हणून काठमांडूत पोचल्यावर दुसऱ्याच सकाळची फ्लाइट घ्या, दिवसातली पहिली, आणि मागे एक सकाळ मोकळी ठेवा. जसजसा दिवस चढतो तसे ढगही चढतात. रद्द झाल्यास पैसे परत मिळणार की दुसऱ्या दिवशीची जागा, हे तिकीट काढतानाच विचारून घ्या.

कागदपत्रांचंही इथेच सांगते. भारतातून विमानाने नेपाळला जाताना मोठ्या माणसांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टीच्या पुढच्यांना आधारसारखं फोटो असलेलं ओळखपत्र चालतं. तरी निघण्याआधी एकदा ताजा नियम बघून घ्यावा. आणि नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. फोन स्वतःहून बदलतो, कॅमेरा बदलत नाही. मग घरी आल्यावर फोनचे आणि कॅमेऱ्याचे फोटो वेळेनुसार लावताना गोंधळ होतो.

जागेसाठी भांडत बसणं

या उड्डाणात बहुतेक कंपन्या फक्त खिडकीच्या जागा विकतात. त्यामुळे डावी की उजवी यावरून काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही, प्रत्येकाची पाळी येते. विचारायचंच असेल तर विमान कोणतं ते विचारा. एटीआर (दोन पंख्यांचं प्रवासी विमान) असेल तर पंख खिडक्यांच्या वर असतो, दृश्य मोकळं मिळतं. पंख खाली असलेल्या छोट्या विमानात पंखावरची जागा टाळा. इंजिनाच्या मागची जागाही शक्यतो नको. तिथून बाहेर पडणाऱ्या गरम हवेत डोंगराच्या कडा थरथरल्यासारख्या येतात, आणि फोकस चुकला असं वाटून माणूस उगाच कॅमेऱ्याशी झटत बसतो.

पांढरा कुर्ता

आता माझ्या त्या निम्म्या फोटोंकडे येते. सकाळी सूर्य पूर्व-आग्नेयेला असतो आणि डोंगर उत्तरेला. जाताना डोंगर डाव्या खिडक्यांत असतात तेव्हा ऊन उजव्या खिडक्यांतून आत येतं. परतताना याच्या उलट. म्हणजे दोन्ही वेळा ऊन तुमच्या पाठीमागून येऊन तुमच्या कपड्यांवर पडतं आणि कपडे समोरच्या काचेत उमटतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, कारण आपण लांबचा डोंगर बघत असतो. कॅमेऱ्याला दोन्ही दिसतं.

उपाय साधा आहे. काळा किंवा गडद निळा, बिनचमकीचा टॉप घाला. बरोबर एक काळी ओढणी किंवा शाल ठेवा. दुसऱ्या वेळी मी ओढणी डोक्यावरून घेऊन तिची दोन टोकं खिडकीच्या कडेला धरली, आत कॅमेरा, आणि प्रतिबिंब गायब झालं. बहीण म्हणाली, "वाफारा घेतेस का गं?" पण तिने लगेच दुसरी बाजू धरून ठेवली. लेन्सच्या तोंडावर बसणारं रबरी झाकण, म्हणजे लेन्स हूडही चांगला. तो खिडकीवर हलका टेकवता येतो. लेन्स मात्र काचेला टेकवू नका, विमानाची सगळी थरथर फोटोत उतरते.

ती "काच" खरं तर अ‍ॅक्रिलिकची असते, दोन-तीन थरांची. थरांमधला हवेचा दाब सांभाळायला खाली एक बारीकसं छिद्र असतं आणि बऱ्याचदा त्याच्याभोवती बर्फाची नक्षी जमते. खिडकीचा तेवढा भाग सोडून फोटो काढा. बसल्याबसल्या, विमान उडण्याआधी, आतली बाजू मऊ कापडाने पुसून घ्या. आधी बसून गेलेल्यांच्या कपाळाचे आणि बोटांचे ठसे त्यावर असतातच.

आणखी एक, पोलरायझर फिल्टर काढून ठेवा. घाटात, समुद्रावर तो आकाश गडद करतो म्हणून अनेकांच्या लेन्सवर तो कायम असतो. अ‍ॅक्रिलिकमधून त्याच फिल्टरमुळे फोटोवर इंद्रधनुष्यासारखे रंगीत पट्टे येतात, आणि ते नंतर काही केल्या पुसता येत नाहीत.

सगळं कॅमेऱ्यावर सोडणं

ऑटोफोकस खिडकीवरच्या ओरखड्याला धरून बसतो. पहिल्याच लांबच्या शिखरावर फोकस जमवा आणि मॅन्युअलवर टाकून द्या. पुढचा तासभर सगळं लांबच आहे. फोनवर शिखरावर बोट दाबून धरलं की फोकस आणि प्रकाश दोन्ही बांधले जातात. शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते ठरवणारा आकडा) ऑटो चालेल. फ्लॅश बंद, नाहीतर काचेत पांढरा गोळा दिसेल.

बर्फ हा कॅमेऱ्याला फसवतो. इतका उजेड बघून तो फोटो काळपट करतो आणि हिमालय सिमेंटच्या रंगाचा येतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), पण बर्फातल्या घड्या दिसेनाशा होत नाहीत ना ते एकदा पडद्यावर मोठं करून बघा. शक्य असेल तर रॉमध्ये, म्हणजे नंतर जास्त सुधारता येणाऱ्या मूळ फाइलमध्ये काढा. आणि फोनमध्ये पंख्याची पाती कोयत्यासारखी वाकडी दिसली तर फोन बिघडलेला नाही. सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्यात पातं पुढे सरकलेलं असतं.

चुकीच्या शिखराला एव्हरेस्ट समजणं

मी ज्याला एव्हरेस्ट म्हणून घरच्या ग्रुपवर टाकलं ते ल्होत्से होतं. आईने संध्याकाळी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हा पुढचा ल्होत्से. एव्हरेस्ट मागे आहे, तो काळा."

दक्षिणेकडून बघताना समोर नुप्त्सेची (७,८६१ मीटर) लांबलचक भिंत असते, तिच्या उजव्या टोकाला ल्होत्से (८,५१६ मीटर). त्या भिंतीच्या मागून एक काळपट त्रिकोण डोकावतो, तो एव्हरेस्ट. वाऱ्याने आणि उभ्या चढामुळे त्याच्या खडकावर बर्फ कमी टिकतो, म्हणून तो शेजाऱ्यांपेक्षा काळा. मागे असल्यामुळे तो लहानही वाटतो. पुष्कळदा माथ्यावरून उडणाऱ्या बर्फाची पांढरी शेपटी दिसते, ती ओळखायची सोपी खूण. आपण त्याच्यावरून उडत नाही हेही लक्षात ठेवा. एटीआरसारख्या विमानाची मर्यादा २५,००० फूट, म्हणजे साधारण ७,६०० मीटर. माथा त्याहून हजारभर मीटर वर असतो.

निघाल्यावर थोड्या वेळाने जोड माथ्याचा गौरीशंकर (७,१३४ मीटर), मग रुंद सपाट डोक्याचा चो ओयू (८,१८८ मीटर), मग ही भिंत, आणि तिच्या पुढे मकालू. हा क्रम कागदावर लिहून मुलांच्या हातात द्या. दुसऱ्या वेळी भाच्याने एकेक नाव खोडत नेलं, त्यामुळे त्याचंही लक्ष लागलं आणि मलाही दोन-चार सेकंद आधी कळत गेलं.

दुसऱ्याच्या खिडकीतूनही डोंगरच टिपणं

मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते या चुकीबद्दल. पहिल्या वेळी मी डावीकडे होते, आई त्याच रांगेत उजवीकडे. जाताना डोंगर माझ्या बाजूला होते, मी भरपूर फोटो काढले. परतताना ते आईच्या खिडकीत आले आणि मी काय केलं, तर तिच्या खांद्यावरून वाकून पुन्हा डोंगरच टिपले. मला फोटो मिळावा म्हणून ती मान बाजूला करून बसली. तिने तिची खिडकी मला दिली आणि मी ती घेतली.

या फ्लाइटची रचनाच अशी आहे की अर्धा वेळ डोंगर तुमच्याकडे नसतो. तो वेळ माणसांचा. जाताना तुम्ही डावीकडे असाल तर डोंगरांचे फोटो तेव्हाच उरका. वळण घेतलं की लेन्स रुंद करा आणि पलीकडच्या खिडकीशी बसलेल्या आपल्या माणसाकडे वळा. बेल्टची खूण विझली असेल आणि कर्मचारी हरकत घेत नसतील तर त्यांच्या थोडं मागे जा, म्हणजे गाल, कान, खिडकीची चौकट आणि बाहेरचा बर्फ एकत्र मिळतो.

इथे अडचण उजेडाची. चेहऱ्याला धरून प्रकाश लावला तर खिडकी पांढरीफटक, बाहेरच्याला धरला तर माणसाची नुसती काळी आकृती. पण काचेत प्रतिबिंब पाडणारं ते पाठीमागचं ऊन आता कामी येतं. ते बघणाऱ्याच्या केसांवर आणि गालावर पडतं आणि दोन्हींतला फरक कमी करतं. प्रकाश बाहेरच्या बर्फाला धरून लावा, रॉ असेल तर चेहरा नंतर थोडा उजळता येतो. आणि त्यांना "इकडे बघ" म्हणू नका. ती माणसं बाहेर बघत आहेत, तोच फोटो आहे. बहिणीचे सासरे त्या वेळी खिडकीवर तळहात ठेवून बसले होते. बोटांच्या मधून गौरीशंकरची दोन टोकं दिसत होती. दोन्ही सहलींतला मला तो फोटो सगळ्यांत जवळचा.

मुलांना उतरताना कान दुखले तर घोटघोट पाणी किंवा चघळायला गोड गोळी द्या, आणि सकाळी पोट भरगच्च नको.

दुसऱ्या उड्डाणांना हेच नियम लावणं

लेहचं विमान घेत असाल तर थोडं सावध राहा. तिथला विमानतळ हवाई दलाचा तळ आहे, आणि आपलं पुण्याचं लोहगावही. गोव्याचं दाबोळी नौदलाचं. अशा ठिकाणी धावपट्टीचे, विमानतळाचे फोटो काढायचे नाहीत, आणि उड्डाण-उतरणीच्या वेळी खिडकीची झडप खाली ठेवायला सांगितली तर ठेवायची. लेह ३,२५६ मीटरवर आहे, त्यामुळे तिथे उतरल्यावर पहिला दिवस विश्रांतीचा. हेलिकॉप्टरमध्ये जागा वजनाच्या हिशेबाने देतात, निवड आपली नसते. काठमांडूहून साडेपाच हजार मीटरपर्यंत नेणाऱ्या हेलिकॉप्टर सहलीला वयस्क माणसं किंवा हृदयाचा, दम्याचा त्रास असणारे येणार असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

फोटो फोनमध्येच पडून राहणं

घरी आल्यावर निळसर धूसरपणा थोडा कमी करा, तिरकं क्षितिज सरळ करा. एप्रिलचे फोटो असतील तर खालचा मातकट पट्टा कापून टाका. मग दहा-बारा निवडून छापून घ्या. मी आईला पहिल्या सहलीतला नुप्त्से-ल्होत्सेचा फोटो मोठा छापून दिला, त्यातला कुर्ता जमेल तेवढा पुसून. तिने तो उलटा करून मागे शिसपेन्सिलीने प्रत्येक शिखराचं नाव आणि उंची लिहिली, फळ्यावर लिहायची तशी, डावीकडून उजवीकडे. एव्हरेस्टपुढे आधी ८,८४८ लिहिलं, ती शिकवत होती तो आकडा. मग नेपाळ आणि चीनने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलेली उंची लेकीने तिला सांगितली, तेव्हा तिने जुना आकडा एका रेघेने खोडला आणि शेजारी ८,८४८.८६ लिहिलं.